बिनश्वासाचा पेशंट

हसूराम दारातून आत आला आणि माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. कारण त्याच्याबरोबर त्याचा श्वास आला नव्हता.

नीट सांगते. मी पनवेलमध्ये छातीच्या एका दवाखान्यात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. नवीन औषध बाजारात येण्याआधी ते माणसांवर रीतसर तपासून बघतात, त्याला ट्रायल म्हणतात. पेशंटला सगळं समजावायचं, तारखेला बोलवायचं, तपासण्या करवून घ्यायच्या आणि डॉक्टरांची सही जिथे हवी तिथेच होईल हे बघायचं, हे माझं काम. या कामात मला चेहरे लक्षात राहत नाहीत, श्वास राहतात. उरणला कुणी खोकलं तर मी पनवेलला खुर्चीत बसून सांगते, की हा दमा आहे की कामावर दांडी मारायची तयारी.

हसूरामला सीओपीडी. बिडी, चुलीचा धूर, धूळ यांनी फुप्फुसं आतून झिजतात, तो आजार. दमा कधी कमी, कधी जास्त होतो. हे झिजलेलं मात्र परत भरून येत नाही. औषधाने त्रास कमी होतो, एवढंच. गडी उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावातला, उमेद मिठागरात गेली आणि उरलेली बिडीत. त्याचा श्वास जिन्यातच ऐकू यायचा. शिट्टी, घरघर, परत शिट्टी. तो वर पोचेपर्यंत मी त्याची फाईल काढून, खुर्ची सरकवून, चहाही सांगून मोकळी झालेली असायचे.

त्या सकाळी जिना गप्प होता. आणि हसूराम समोर उभा. तोच चौकड्यांचा शर्ट. तोच बामचा वास. तोंडावर मास्क, आमच्याकडे सगळ्यांनाच लावायला लागतो. हातात औषधांची पिशवी.

"कसे आहात, हसूरामभाऊ?"

"बरा हाय, ताय. तुमी?"

एका दमात. हा माणूस एरवी 'बरा' म्हणून थांबायचा, खिडकीकडे बघायचा, आणि 'हाय' पुढच्या श्वासाला द्यायचा.

भुताला मी घाबरत नाही. पण एसी नेहमीचाच असून मला एकाएकी गारठल्यासारखं झालं.

गेल्या व्हिजिटला मी भाचीच्या लग्नासाठी रजेवर होते. परत आले तर दवाखान्यात जत्रा. हसूरामचा रिपोर्ट एवढा सुधारला होता, की डॉक्टरांनी स्टाफला पेढे वाटले होते. मला वाटलं, मशीन बिघडलं असेल. आता तोच सुधारलेला हसूराम माझ्यासमोर बसला होता आणि माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

मी त्याला स्पायरोमेट्रीला बसवलं. म्हणजे नाकाला चिमटा लावायचा, नळी तोंडात धरायची, छाती भरून घ्यायची आणि जोरात फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मशीन मोजतं आणि श्वासाचं चित्र काढतं. धडधाकट माणसाचं चित्र होडीच्या शिडासारखं येतं, ताठ. सीओपीडीचं पोटात गेलेलं, कोयत्यासारखं.

"फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका," मी नेहमीच्या आवाजात ओरडले. हा आवाज खाली रिक्षा स्टँडपर्यंत जातो, म्हणून तिथले रिक्षावाले महिन्याच्या महिन्याला स्पायरोमेट्री शिकून तयार होतात.

स्क्रीनवर शीड उभं राहिलं. ताठ, भरलेलं.

मशीन बिघडलेलं नव्हतं. सकाळी मीच तपासलं होतं.

"जरा खोका बघू," मी म्हणाले.

तो खोकला. कोरा खोकला. नव्या मडक्यावर टिचकी मारावी तसा. चेहरा हसूरामचा, आतली फुप्फुसं भलत्याचीच. आता चेहरा त्याचाच कशावरून, असं विचाराल. आधी मास्क, मग नाकावर चिमटा आणि तोंडात नळी, की लगेच परत मास्क. उरतं काय? कपाळ. आणि आधारकार्डावरचा फोटो म्हणाल, तर माझ्या कार्डावरचा फोटो आमच्या दूधवाल्याचा वाटतो.

मी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो उजेडात धरला, नवस फेडल्यासारखा.

"सुनंदा मॅडम, परत तेच. औषध चाललंय."

"सर, त्याच्या पंपात काय आहे हे तुम्हाला माहीत नाही, मला नाही, त्यालाही नाही." याला आमच्यात ब्लाइंड म्हणतात. काहींना खरं औषध, काहींना नुसती भुकटी. कुणाला काय, ते फक्त दूर कुठेतरी एका कॉम्प्युटरला ठाऊक. "नुसती साखरेची भुकटीही असेल."

"मग साखर चाललीय," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला आनंद का होत नाही?"

"सर, झिजलेली फुप्फुसं परत उगवली, आणि ती आपल्या पनवेलात? मला भीती वाटते."

"कसली?"

ते शोधायलाच मी कॉरिडॉरमध्ये आले. काचेच्या दारातून हसूराम दिसत होता, हात मांडीवर ठेवून बसलेला, पिशवी टेबलावर. मी फाईलमधला हसूरामचा मोबाईल नंबर लावला. त्याच्या खिशात वाजेल, तो दचकेल, मी हसेन, विषय संपेल, असा माझा हिशोब.

खिशात काही वाजलं नाही. तिकडे रिंग गेली आणि फोन उचलला गेला.

कुणी बोललं नाही. फक्त श्वास. शिट्टी, घरघर, परत शिट्टी.

काचेपलीकडे हसूराम बसला होता. आणि माझ्या कानात हसूराम श्वास घेत होता.

शेजारच्या बाकावरची म्हातारी नंतर सांगत होती, की मॅडम भिंतीसारख्या पांढऱ्या झाल्या. माझा रंग बघता हा वैद्यकशास्त्रातला खरा चमत्कार.

"हसूरामभाऊ?"

"ता..." मग नुसतीच घरघर. "...य." बराच वेळ गेला. "पं... प."

तेव्हा माझं लक्ष टेबलावरच्या पिशवीकडे गेलं. ट्रायलचा नियम आहे, व्हिजिटला येताना घरातले सगळे पंप घेऊन यायचे, वापरलेले, न वापरलेले. आम्ही ते मोजतो. धाप लागली की लगेच ओढायचा निळा पंपही त्यातच. हसूराम घरी होता आणि त्याचा निळा पंप माझ्या टेबलावर.

मी दार ढकललं. "तू कोण आहेस?"

समोरच्याने मास्क काढला. "बळीराम. धाकटा भाव."

"आणि दादा?"

"घरी."

"एकटा?"

"वयनी मासली घेऊन बाजारात गेली. काय जालं, ताय?"

मी फोन त्याच्या कानाला लावला. त्याला सांगायला लागलं नाही.

"सर," मी ओरडले, आणि या वेळी आवाज रिक्षा स्टँडच्याही पुढे गेला असेल. डॉक्टर धावत आले. मी फोन स्पीकरवर टाकला. त्यांनी दोन श्वास ऐकले आणि रिसेप्शनला अँब्युलन्स सांगितली.

"ती गावात पोचायला वेळ लागेल," ते बळीरामला म्हणाले. "शेजारी कुणाकडे निळा पंप आहे?"

"सलमाभाभीच्या सासऱ्यांकडं हाय. दम्याचा."

"लाव फोन. म्हणावं पंप घेऊन पळ."

बळीराम त्याच्या फोनवर सलमाभाभीला सांगत होता. मी माझ्या फोनवर हसूरामला सांगत होते. "पुढे वाका. हात गुडघ्यावर. ओठ शिट्टी मारतो तसे करा. नाकाने घ्या, ओठांतून हळूहळू सोडा. माझ्याबरोबर. घ्या. सोडा." मी सोडत होते, बाकावरची म्हातारी सोडत होती, तिच्यामागे रांगेतले सगळेच सोडायला लागले. अख्खी ओपीडी एका माणसासाठी फुंकत होती.

आणि शिट्टी थांबली.

छातीत शिट्टी वाजते ते वाईट असतं. पण वाजायची थांबते ते त्याहून वाईट. हवा आतबाहेर होईनाशी झाली, की छाती गप्प होते. फोनमधून पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती आणि लांब कुठेतरी कोंबडी. बळीराम भिंतीला टेकून खाली बसला. मी 'घ्या, सोडा' म्हणत राहिले, कुणाला ते माहीत नसताना.

मग पलीकडे दार आपटलं. चपला. "हसूचाचा, तोंड उघडा. इकडं बघा, चाचा."

"स्पेसरमधून द्या," डॉक्टर फोनवर वाकून म्हणाले. "त्या प्लास्टिकच्या नळकांड्यातून. एक पफ, मग थोडं थांबून दुसरा."

फुस्स. पुन्हा फुस्स. पुन्हा.

बराच वेळ काही नाही. मग अगदी बारीक, कुकर तापायला लागावा तशी, शिट्टी. बाकावरच्या म्हातारीने हात जोडले. डॉक्टर खुर्चीवर बसले, ती खुर्ची पेशंटची होती.

अँब्युलन्सने हसूरामला हॉस्पिटलात नेलं, आणि तो वाचला.

बळीरामला मी नंतर गाठलं. मारायचंच ठरवलं होतं.

"तुला कुणी सांगितलं होतं दादाच्या जागी यायला?"

"सांगाचं काय त्यात? रेशनला दादाच्या नावानं मीच उभा ऱ्हातो. बिल भराचं, मीच. तुमी म्हनता टेस्टच्या आदी पंप नाय ओढाचा. बिनपंपाचा दादा गाडीत बसला का त्याचे डोले पांढरे होतान. मंग मी म्हनलं, फुकाचंच हाय तं मी फुकतो. एका आयशीची फुप्फुसं, ताय."

"रक्तही दिलंस? ईसीजी पण?"

"दिला ना. नाय कशाला म्हनू?"

भावासाठी रक्त देणारे पुष्कळ बघितले. भावाच्या नावाने रक्त देणारा हा पहिलाच. मारायचं राहून गेलं.

आम्ही सगळं वरपर्यंत रीतसर कळवलं. त्या दोन्ही व्हिजिटचा डेटा बाद झाला, हसूराम ट्रायलमधून बाहेर, त्याचे नेहमीचे उपचार आमच्याकडेच सुरू. डॉक्टर बरेच दिवस तो शिडाचा रिपोर्ट टेबलावर ठेवून बसायचे.

"म्हणजे तो चमत्कार..." एकदा त्यांनी सुरुवात केली.

"बळीराम होता, सर."

हॉस्पिटलात मी हसूरामला भेटायला गेले. ऑक्सिजनची नळी नाकात. मला वाटलं, ट्रायल गेली म्हणून वाईट वाटून घेईल. त्याने हाताने मला जवळ बोलावलं.

"ताय. बलीचा रिपोट... कसा आला?"

"उत्तम. घोड्यासारखी फुप्फुसं आहेत त्याची."

त्याने डोळे मिटले. "मंग बरं," तो म्हणाला, "तो पन... माज्यासोबत मिठागरात व्हता. मना... तीच भीती."

आता आमच्याकडे निळा पंप मोजायचा असला तरी पेशंटच्या खिशातच राहतो, आणि घरी कोण आहे हे मी आधी विचारते. बाकी एवढंच शिकले. रिपोर्ट वाईट आला तर डॉक्टरांना दाखवावा. फार चांगला आला, तर आधी पेशंट कुठे आहे ते बघावं.