प्रभारी मॅडम

"चला, बघून येऊ."

तक्रार घेऊन कोणी केबिनमध्ये आलं की मॅडमचं पहिलं वाक्य हे. समोरच्याचं बोलणं निम्म्यावर असतानाच त्या उठलेल्या असायच्या. चष्मा डोक्यावर सरकवलेला, हातात काळी छत्री. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही? चला, बघून येऊ. वाचनालयात मधमाश्यांनी पोळं केलंय? चला. एकदा एक प्राध्यापक अभ्यासक्रमाबद्दल काही सांगायला आले, तेव्हाही त्या सवयीने उठून दारापर्यंत गेल्या. मग स्वतःच थबकल्या, हसल्या आणि परत येऊन बसल्या. "हे इथूनच बघता येईल नाही का?"

मानपाड्याच्या पुढे, रस्त्यापासून जरा आत, आमच्या विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. मी तिथे कार्यालयात सहायक. मॅडम तिथल्या संचालक, म्हणजे खरं तर प्रभारी संचालक. कायमचा माणूस नेमला जाईपर्यंत ज्याने कारभार बघायचा, तो प्रभारी. सही करायची आणि सहीखाली कंसात तो शब्द लिहायचा. कितीतरी वर्षं त्या तो शब्द लिहीत होत्या. मुख्यालयातली माणसं त्यांना "प्रभारी मॅडम" म्हणायची, आणि ते हळूहळू त्यांचं नावच होऊन बसलं.

त्या मूळच्या किनाऱ्याकडच्या. घरची भातशेती, घर पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती. शिकल्या, प्राध्यापक झाल्या आणि कळव्याला फ्लॅट घेऊन म्हाताऱ्या आईबरोबर राहायला लागल्या. कार्यालयात त्यांचं मराठी एकदम पुस्तकी, स्वच्छ. पण आईचा फोन आला की गावची बोली सुरू व्हायची, आवाज दुप्पट मोठा व्हायचा, आणि बाहेर बसलेल्या आम्हाला निम्मं कळायचं नाही. फोन ठेवला की परत पुस्तकी. "हं, तर आपण कुठे होतो?"

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती सोमवारच्या निरोपामुळे.

उपकेंद्रात काय चाललंय याची माहिती दर सोमवारी फलकावर आणि विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर द्यायची, असं त्यांनी ठरवलं आणि लिहायचं काम माझ्यावर आलं. मी पहिला मजकूर मोठ्या हौसेने लिहून नेलेला. 'मान्यवरांच्या मार्गदर्शनाखाली', 'उत्साहपूर्ण वातावरणात', असं सगळं. मॅडमनी तो शांतपणे वाचला.

"छान लिहितोस रे. पण यात पाणी आलं की नाही ते कुठंय?"

"ते... लवकरच येईल असं खाली लिहिलंय, मॅडम."

"लवकरच म्हणजे कधी?"

"ते माहीत नाही."

"मग माहीत नाही असं लिही."

त्या दिवसापासून आमच्या कार्यालयात 'लवकरच' या शब्दाला बंदी झाली. निरोपाचे दोन भाग ठरले. वर 'झालं', खाली 'झालं नाही'. झालं: संगणक कक्षाच्या खिडक्यांना पडदे. झालं नाही: तिसऱ्या मजल्याचं पाणी. झालं: परीक्षेची बैठक व्यवस्था. झालं नाही: बसथांब्यावर शेड. एकदा पार्किंगमधल्या कुत्रीला पिल्लं झाली, तेव्हा ती बातमी कुठल्या भागात घालायची यावर आमची चर्चा झालेली. शेवटी मॅडमनी 'झालं'मध्येच घातली.

मुलं तो निरोप मन लावून वाचायची. आधी हसायची, मग हसणं थांबलं. कारण खालच्या भागातली एखादी गोष्ट दोन-चार सोमवारनी खरंच वरच्या भागात जायची. आणि नाही गेली, तर निदान कोणी विसरलेलं नाही हे कळायचं. आमच्या पोरांना तेवढ्याचीही सवय नव्हती.

मात्र एक ओळ काही केल्या वर जाईना. 'मुलींचं वसतिगृह: सुरू झालं नाही.'

इमारत उभी होती, रंग लागलेला, खोल्यांत पलंग आलेले. पण पाण्याची जोडणी हवी तर इमारत पूर्ण झाल्याचा दाखला हवा, असं एक कार्यालय म्हणायचं. आणि दाखला हवा तर आधी पाण्याची जोडणी दाखवा, असं दुसरं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. दारावरचं कुलूप मात्र गंजायला लागलेलं. मॅडम पत्रं पाठवत होत्या, फोन करत होत्या, स्वतः जाऊन भेटत होत्या. मी दर सोमवारी तीच ओळ लिहीत होतो.

अशात एक दिवस शहापूरकडच्या एका खेड्यातून एक गृहस्थ आले. अंगात पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. बरोबर त्यांची मुलगी वनिता. ती आमच्याकडे वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होती. वर्गात पुढे बसणारी, प्रश्न विचारणारी पोरगी. आज मान खाली घालून उभी होती.

"मॅडम, नाव काढायचंय हिचं," ते म्हणाले.

मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. "का हो दादा? हुशार मुलगी आहे."

"हुशार आहे तर. पण घरी पोचायला रोज अंधार व्हतो. गाडी चुकली का फाट्यावर एकटी उभी ऱ्हाते. आईच्या डोळ्याला डोळा नाय. तुमी म्हनलेलात हास्टेल व्हनार, म्हणून दोन वर्सं काढली. आता नाय जमत."

वनिता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मॅडम उठल्या. "चला, बघून येऊ."

आम्ही चौघं वसतिगृहाकडे गेलो. मी किल्ली आणलेली, पण कुलूप उघडायला बराच जोर लावावा लागला. आत नव्या रंगाचा वास होता. पलंगांवरची प्लास्टिकची वेष्टणंही अजून काढलेली नव्हती. गृहस्थांनी एका पलंगावर हात ठेवून तो हलवून बघितला. घट्ट होता.

"येवढं सगळं तयार," ते म्हणाले. "आन् बंद?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "तयार आहे आणि बंद आहे. मला लाज वाटते."

संचालकाने एका शेतकऱ्यासमोर असं म्हणावं, हे मी तरी पहिल्यांदा ऐकत होतो.

"मंग कधी उघडंल?"

मी मनात म्हटलं, आता निदान एकदा तरी 'लवकरच' म्हणा. पोरीचं वर्ष वाचेल.

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग वळून म्हणाल्या, "पण तोपर्यंत वनिता माझ्या घरी राहील. कळव्याला. मी आणि माझी आई, दोघीच असतो. तुम्ही आज घर बघून जा. नाही पटलं तर उद्या नाव काढून देते."

गृहस्थ त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुमच्या घरी?"

"माझ्या घरी. आम्ही मासे खातो, तेवढं चालेल ना?"

तेव्हा कुठे वनिता वर बघून हसली.

ते घर बघून आले. वनिता राहायला गेली. महिन्याभरात मुरबाडकडच्या आणखी दोघी तिथे पोचल्या. एक हॉल आणि दोन खोल्यांचं घर ते. मॅडम हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागल्या. "पाठीला कडक गादी बरी असते," असं आम्हाला सांगायच्या. आईंना मात्र नवा हुरूप आला. त्यांचा फोन आता जास्तच यायचा आणि चौकशी लेकीची नसून पोरींची असायची. "जेवल्या काय गं?" एवढं आम्हालाही कळायचं. नाताळात मी डबा घेऊन गेलेलो, तर वनिता आईंच्या शेजारी पाट मांडून बसलेली, नेवऱ्या भरत होती. आपल्या करंज्याच, पण आईंसमोर तसं म्हणायची सोय नव्हती.

ही गोष्ट मुख्यालयात पोचायला वेळ लागला नाही. एका दुपारी फोन आला. स्पीकर सुरू होता, मी समोर फाइल घेऊन उभा.

"मॅडम, विद्यार्थिनी संचालकांच्या घरी राहतात, हे कुठल्या नियमात बसतं?"

"नाही बसत," मॅडम म्हणाल्या. "बांधून झालेल्या वसतिगृहाला कुलूप ठेवणंही बसत नसेल. दोन्ही एकदमच सुधारू या."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग तो माणूस खालच्या आवाजात, खरं तर काळजीने म्हणाला, "मॅडम, तुमची मुलाखत पंधरा दिवसांवर आलीय. कशाला आता... समजून घ्या."

भीती तीच होती. संचालकाची कायमची जागा अखेर भरायची ठरलेली आणि मॅडमनी अर्ज केलेला. आम्हा सगळ्यांना वाटत होतं की आता कंसातला तो शब्द जाणार.

फोन ठेवल्यावर त्यांनी मला सोमवारचा निरोप लिहायला बसवलं. 'झालं' संपलं. खाली आलो.

"लिही. मुलींचं वसतिगृह सुरू झालं नाही. तोपर्यंत तीन विद्यार्थिनी संचालकांच्या घरी राहत आहेत."

माझी बोटं थांबली. "मॅडम, मुलाखत होईपर्यंत..."

"अरे, लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

"लपवायचं नाही. फक्त दोन सोमवार थांबू या."

"पोरी दोन सोमवार कुठे लपवू?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले, तेव्हा मला कळलं की त्यांनाही भीती वाटतेय. "तुला नको असेल तर मी टाइप करते. सरक."

मी सरकलो नाही. मीच टाइप केलं. आयुष्यात मी जे काही लिहिलंय त्यात ती ओळ मला सगळ्यात जवळची आहे.

निरोप ग्रुपवर गेला, तिथून पालकांकडे, तिथून कुठे कुठे. त्याच आठवड्यात खुद्द कुलसचिव आले. विद्यापीठाचा सगळा कारभार ज्यांच्या सहीने चालतो ते हे साहेब. गाडीतून उतरले तेव्हा चेहरा कडक होता. केबिनमध्ये बसले आणि म्हणाले, "हा काय प्रकार आहे?"

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. मॅडमनी छत्री उचललेली होती.

साहेब वसतिगृहात सगळीकडे फिरले. प्लास्टिकमधले पलंग बघितले, कोरडे नळ उघडून बघितले. एका न्हाणीघरात उभं राहून त्यांनी दोन्ही कार्यालयांची पत्रं शेजारी शेजारी धरून वाचली आणि कपाळाला हात लावला. "हे मला कोणी एकत्र दाखवलंच नव्हतं," ते म्हणाले. मग तिथूनच फोन लावले. माणूस वाईट नव्हता. त्यांना तिथवर कोणी आणलेलं नव्हतं इतकंच. पावसाळ्याआधी नळांना पाणी आलं.

उद्घाटनाला मोठा मांडव होता. फीत कापली, टाळ्या झाल्या, फोटोसाठी सगळे उभे राहिले आणि मॅडम कुठे दिसेनात. मी शोधत वर गेलो. त्या दुसऱ्या मजल्यावर न्हाणीघरांच्या कड्या एकेक करून लावून बघत होत्या. "ही एक नीट बसत नाही बघ," म्हणाल्या. "सुताराला आजच्या आज सांग. पोरी रात्रीपासून राहणार आहेत." त्या फोटोत मॅडम नाहीत. मीही नाही.

मुलाखतीचा निकाल आला. दुसऱ्या कोणाची तरी निवड झाली. का, ते मला माहीत नाही, आणि उगाच वसतिगृहाचं प्रकरण त्याला जोडून मी बोलणार नाही. नवे सर भले आहेत. मॅडमनी त्यांना पूर्ण दिवसभर परिसर फिरवून दाखवला, पाण्याच्या मोटरचा बिघडणारा खटका कसा दाबायचा तेही. संध्याकाळी आम्ही शाल-श्रीफळ आणलेलं. सगळ्यांची भाषणं झाली, मला मात्र उभं राहून एक शब्द बोलता आला नाही. मॅडमनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "अरे, बदलीच आहे. मी काही मरत नाही." पुढे मुख्यालयात दोन-अडीच वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि कळव्याचं घर बंद करून आईला घेऊन गावी गेल्या.

परवा वनिताचे वडील कार्यालयात आलेले. केस सगळे पांढरे झालेत. डोक्यावर तांदळाचं पोतं, नवा तांदूळ. वनिता आता कल्याणच्या कोर्टात वकिली करते, आणि तिने पहिली केस स्वतः उभी राहून चालवली, जिंकली. हे सांगायला ते पोरीलाही न कळवता मॅडमना भेटायला आलेले. मॅडम इथे नसतात हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं तर पोत्यावर हात ठेवून बसूनच राहिले.

मी फोन लावून दिला. पलीकडे वारा जोराचा होता, कोंबड्या ओरडत होत्या. मॅडमचा आवाज आला तो गावच्या बोलीत, कोणाला तरी दटावत. मग एकदम पुस्तकी. "बोला दादा!"

आभार कसे मानायचे, हे ते गृहस्थ घरून ठरवून आलेले असणार. पण फोन कानाला लावला आणि त्यांना काही सुचेना. "मॅडम," ते मोठ्याने म्हणाले, "औंदा भात चांगला झालाय."

"हो? मग येते मी खायला. पोरीला सांगा, मासे मी आणीन."

"या," ते म्हणाले. "या, मॅडम. या." तेवढंच तीन-चारदा म्हणाले.

मलाही बोलायचं होतं. भाषणाच्या दिवशीचं राहिलेलंच सगळं. मी हात पुढे केला, पण तोवर फोन कट झालेला. ते मात्र तो कानाला तसाच धरून बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी फोन खाली घेतला, सदऱ्याच्या टोकाने त्याची काच हलकेच पुसली आणि मग दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.