बाईसाहेबांची गोळी

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. शिवणकामाच्या दुकानाचं शटर अर्धं वर आहे आणि कटिंगच्या टेबलावर कापड नाही, मांजर आहे. अस्तराच्या तुकड्यात मानेपर्यंत गुंडाळलेली. शिंपीणबाईंनी तिचा जबडा उघडला, गोळी जिभेच्या मुळाशी टाकली, गळा चोळला. मांजरीनं गिळल्याचं नाटक केलं आणि गोळी थुंकली. बाईंनी तीच उचलून पुन्हा आत सरकवली.

"थुंका बाईसाहेब, किती थुंकायचंय ते. मी कुठं जात नाही."

बाईंचा धंदा अल्टरेशनचा. कपडा सैल झाला की आत घ्यायचा. का सैल झाला, ते विचारायचं नाही, गिऱ्हाईक दुखावतं. याच सवयीनं त्यांनी मांजरीच्या गळ्यातला, स्वतः शिवलेला पट्टा दोनदा आत घेतला. मांजर दोन मांजरींइतकं खात होती, घरभर ओरडत हिंडत होती. बाईंना वाटलं, म्हातारपणी तरतरी आलीय. तिसऱ्यांदा टाचणी लावताना बोटांना नुसती हाडं लागली, तेव्हा त्या दवाखान्यात गेल्या.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉइड ग्रंथी नको इतकं काम करत होती. खाल्लेलं सगळं जळून जात होतं, हृदय धावत होतं. रोज दोन वेळा गोळी, बहुधा कायमची.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या थोरल्या भावाला हे पटलं नाही. "चौदा वर्षांची म्हातारी. औषध देऊन काय लग्नाला उभी करायचीय?"

"दादा, तुझी बीपीची गोळी बंद करू का? तुझं लग्न तर कधीच उरकलंय."

पुढच्याच आठवड्यात मांजरीला उलट्या सुरू झाल्या, तिनं खाणं टाकलं.

"बघ, तिलाच नकोय. सोड आता," दादा म्हणाला.

बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळी थांबवली, उलट्या थांबल्यावर निम्म्या मात्रेनं पुन्हा सुरू केली. मांजर जेवू लागली. पण मूत्रपिंडांना हे औषध मानवतंय का, ते पुढच्या रक्ततपासणीतच कळणार होतं.

"म्हणजे खात्री नाहीच," दादा.

"नसू दे. उद्या दवाखान्यात न्यायचंय, हिची टोपली धरायला येतोस का?"

"ओरबाडते ती."

"मग लांब बाह्यांचा शर्ट घाल."

तपासणी उद्या सकाळी नऊला आहे. दुकान उद्या अकराला उघडेल. शटरवर तसा कागद लावलेला आहे.