मावशीचे सागरगोटे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही, आणि त्याच्यापासून माझी साडीची खरेदीदेखील लपत नाही. तसं माझं छान चाललंय. नोकरी आहे, गोड लेक आहे, झोप शांत लागते. मग आजच का सांगतेय? समोर फरशीवर सागरगोटे खडखडतायत, म्हणून.

कुंभार पिंपळगावची माझी मावशी हिवतापावर सागरगोट्याच्या गराची पूड द्यायची. कडू जहर! शिकत असताना मी प्रयोगशाळेत त्याच गराचा स्पिरिटमध्ये अर्क काढला, हिवतापाचे जंतू असलेल्या रक्तावर टाकला — जंतू साफ. मी तिथूनच मावशीला फोन लावला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

नंतर कळलं, अर्क मी नीट सुकवलाच नव्हता. नुसतं स्पिरिट टाकलं तरी जंतू तसेच मरत होते, आणि सुकवलेल्या अर्कानं काहीच होत नव्हतं. सरांना मी लगेच सांगितलं. मावशीला? तिनं तोवर गल्लीभर साखर वाटली होती.

सुट्टीत गेले, तर मावशीच गोधडीत कुडकुडत पडलेली. आरोग्य खात्याचा माणूस तपासणीसाठी रक्ताचा थेंब घ्यायला आला, तर तिनं हात मागं ओढला.

"आमच्या पोरीनं मशिनीत तपासलंय, सागरगोट्यानं हिवताप मरतो. तुम्ही रक्त कशाला काढून राह्यले? मी देत न्हाई."

शेजारच्या बाया कौतुकानं माझ्याकडे बघायला लागल्या. मी दारात चहा घेऊन उभी. एक वाक्य पुरलं असतं — आणि मी काय केलं? कप पुढे केले. भीती कसली होती? नुसती हसं होण्याची.

पुढे ती तापात बरळायला लागली, तेव्हा जीप करून जालन्याला नेलं. दवाखान्यातल्या औषधांनी वाचली. उशाशी बसून मी खूप रडले, लाज वाटली — पण बोलले नाही. आज ती ठणठणीत आहे, मला त्याचा फार आनंद आहे, आणि ती सांगत फिरते, भाचीनं तपासलेल्या सागरगोट्यानं वाचले.

परवा तिनं माझ्या लेकीला खेळायला पिशवीभर सागरगोटे धाडले. निरोपही होता — ताप आला तर एक फोडून दे.

लेकीनं आत्ताच विचारलं, "आई, खरंच यानं ताप जातो?"

मी म्हणाले, "मावशीआजीला विचार."