भाजीच्या शेतात सापडलेला वाळा

सासरे गेल्यानंतर सासूबाई नागपूरहून आमच्याकडे सिंगापुरात, आंग मो किओला राहायला आल्या. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, आणि नात शाळेतून आली की आजीशीही इंग्रजीतच बोलायची. आई, मी सासूबाईंना आईच म्हणते, खिडकीशी बसून असायच्या. त्या काही मागायच्या नाहीत, आणि त्याचंच मला वाईट वाटायचं.

मला मेटल डिटेक्टरचा नाद आहे. सिंगापुरात परवानगीशिवाय कुठेही खणता येत नाही, त्यामुळे तो बहुतेक वेळ कपाटातच असतो. लिम चू कांगला एका शेतावर मी पालेभाजी आणायला जायचे. शेताची मालकीण सत्तरी ओलांडलेली चिनी बाई. मी तिला आंटी म्हणते. तिचं बालपण त्याच जमिनीवरच्या पत्र्याच्या घरात गेलं होतं. आता लीज संपत आली होती आणि जमीन सरकारकडे परत जाणार होती. डिटेक्टर फिरवू का, असं मी पूर्वी विचारलं तेव्हा तिने नको म्हणून सांगितलं होतं. मग एक दिवस तीच म्हणाली, मागचे वाफे रिकामे झालेत, परवानगी मी काढून ठेवलीय, ये तू. एकाएकी मन का बदललं, हे मी विचारलं नाही.

त्या रविवारी आईंनाही बरोबर नेलं. त्या सावलीत बसतील असं मला वाटलं होतं, पण थोड्या वेळाने त्यांनी हेडफोन मागितला आणि साडीचा पदर खोचून त्या मशीन फिरवायला लागल्या. आवाज आला की थांबायच्या, मी खुरप्याने माती उकरायचे. बाटल्यांची झाकणं, खिळे, पाइपाच्या क्लिपा. एकदा इंग्रज राजाचं डोकं असलेला जुना चौकोनी सेंट, इथला पैसा, निघाला तेव्हा मी हरखले. आंटीने तो हातात घेतला, छान आहे म्हणाली आणि परत दिला. तिचं लक्ष मातीकडेच होतं.

जुन्या घराची जागा होती तिथे बारीकसा, पण स्वच्छ आवाज आला. मी हातानेच माती बाजूला केली. काळं पडलेलं एक कडं निघालं, माझी दोन बोटं जेमतेम आत जातील एवढं. त्याला एक घुंगरू चिकटून होतं. मी ते कशाचं असावं याचा विचार करत होते, तोवर आई म्हणाल्या, "वाळा आहे गं. तान्ह्या बाळाचा."

मी आंटीकडे पाहिलं. ती वाफ्याच्या कडेला खाली बसली होती.

मग तिने आपल्या मोडक्या इंग्रजीत हळूहळू सांगितलं. तिच्या पाठची बहीण झाली तेव्हा घरात आधीच पाच मुलं होती आणि वडील आजारी. बाळ जेमतेम रांगायला लागलेलं असताना आईने ते एका तमिळ कुटुंबाला देऊन टाकलं. त्या काळी अशा पुष्कळ मुली दिल्या जायच्या. देताना तिच्या पायातले वाळे आईने काढून घेतले. एक पुढे विकला, दुसरा कुठे गेला कोणाला कळलं नाही. हा तोच, असं ती छातीठोकपणे सांगेना. घरातली सगळीच बाळं असले वाळे घालायची. पण जमीन जायच्या आधी एकदा बघून घ्यावं, असं तिला वाटलं होतं.

मी हे सगळं आईंना मराठीत सांगत गेले. आंटी त्यांच्याकडेच पाहत होती. शेवटी तिने मला विचारलं, "तुझ्या सासूला विचार. माझ्या बहिणीला आमचा राग येत असेल का?"

असला प्रश्न आईंना का विचारायचा, मला कळेना. वयाने त्या जवळच्या होत्या, एवढंच असेल. आईंनी माझ्या हातातून वाळा घेतला आणि त्यावरची माती पदराने पुसली.

"तिला सांग," त्या म्हणाल्या, "मलाही दिलं होतं. मावशीला मूल नव्हतं म्हणून. आईचा राग यायचा मला. खूप वर्षं यायचा. बहिणीचा कधी आला नाही. ती तर माझ्याएवढीच लहान होती."

लग्नाला चौदा वर्षं होऊन मला हे माहीत नव्हतं. मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. आंटीने मान हलवली. आईंनी वाळा तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटवली. त्यानंतर आम्ही खणलं नाही. आंटीने चहा केला, आणि दोघी बाकावर शेजारी बसून तो प्यायल्या.

रात्री मी नवऱ्याला सांगितलं. त्याची नागपूरची आजी खरं तर आईंची मावशी होती, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तो आईंच्या खोलीत जाऊन बसला, आणि मला आतून दोघांचं बोलणं ऐकू आलं.

आंटीच्या भाचीने त्या कुटुंबाचा शोध घेऊन पाहिला. आडनाव माहीत नाही, गाव उठून गेलेलं, काही हाती लागलं नाही. आंटी आता चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये राहते. आई महिन्यातून एकदा एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, एकट्याच तिच्याकडे जातात. परवा मी म्हटलं, मी येऊ का बोलायला मदत करायला? त्या म्हणाल्या, "नको गं, आमचं चालतं."