सरळ केलेला एक्स-रे

मी एक्स-रे काढतो. सुरतेजवळ सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत दोन खोल्यांचं सेंटर आहे, तिथे. सकाळी हजीऱ्याच्या कारखान्यांतल्या ठेकेदारांची माणसं टेम्पो भरून येतात. गेटपाससाठी त्यांना छातीचा फोटो लागतो. शर्ट काढा, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास धरा, सोडा, पुढचा. विचार करत बसलो तर रांग रस्त्यावर जाते, म्हणून मी विचार करत नाही. चार वर्षांपूर्वी अशाच एका रांगेत मी माझ्या धाकट्या बहिणीला मधेच घुसवलं. तिला मुलगी होऊन दोन महिने झाले होते आणि खोकला थांबत नव्हता.

खोकला तसा तिला जन्मापासूनच. ओला, छातीत खळखळणारा, आणि नाक बारमाही वाहतं. आम्ही धुळ्याकडची माणसं. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते, आमच्या भिंतीपलीकडेही लूमच चालत. सुताची तूस नाकात जाते म्हणून पोरगी खोकते, असं गल्लीत सगळ्यांचं ठरलेलं होतं. त्याच गल्लीत मला कधी शिंकसुद्धा आली नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

स्क्रीनवर तिचा फोटो आला तेव्हा हृदय उजवीकडे होतं. कुणीही शहाणा इथे थांबला असता. बाजू कळावी म्हणून फोटो काढतानाच शिशाचं 'आर' अक्षर लावायचं असतं. मी घाईत ते लावत नसे, नंतर कॉम्प्युटरवर टाकायचो. मला वाटलं, फोटो उलटा आला. मी बटण दाबून तो फिरवला, हृदय डावीकडे गेलं, वर 'आर' टाकलं आणि प्रिंट तिच्या हातात दिली. फुप्फुसाच्या खालच्या भागात डाग होते. डॉक्टरांनी तेवढे पाहून टीबीची औषधं सुरू केली.

त्या रात्रीपासून तिच्या सासूने बाळ आपल्या कुशीत घेतलं. सासू वाईट नाही. नातीला जपायला हवं, एवढंच तिला कळत होतं. कोर्स संपला, खोकला संपला नाही, त्याच फोटोवर पुन्हा औषधं झाली. मुलगी आजीच्या गोधडीतच वाढली. बहीण मला भेटली की एकच विचारायची, "भाऊ, मनी आंडेर मनापाशी कवय झोपी?" मी म्हणायचो, रिपोर्ट नीट येऊ दे, मग झोपेल मुलगी तुझ्यापाशी.

यंदा तिला छातीच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी डाव्या बाजूला लावली, कपाळाला आठी घातली, मग उजवीकडे लावली. माझा फोटो उजेडात धरला. "हा कुणी काढला?" मी म्हणालो, "मी." त्यांनी तिथेच नवा काढायला सांगितला. त्यात हृदय उजवीकडे होतं. मग तिच्या नाकात बारीक ब्रश फिरवून पेशी घेतल्या, रक्त घेतलं, आणि दीड महिन्याने आम्हाला पुन्हा बोलावलं.

डॉक्टरांनी सावकाश समजावलं. श्वासनळीला आतून सूक्ष्म केस असतात. ते सतत हलतात आणि धूळ, कफ वर ढकलतात. त्यातला एकेक केस शेकडो तऱ्हेच्या प्रथिनांनी बांधलेला असतो. केसाला हलवणारे बारीक हात असतात, तेही प्रथिनांचेच. हिच्या शरीरात ते हात जुळवून देणारं एक प्रथिन तयारच होत नाही. बाकी सगळा केस जागच्या जागी उभा आहे, फक्त हलत नाही. म्हणून कफ साचतो आणि तिथे जंतू वाढतात. पोटातल्या बाळाचं हृदय कुठल्या बाजूला जायचं, हेही अशाच केसांच्या हलण्यावर ठरतं. खोकला आणि उजवीकडचं हृदय हे एकत्र दिसलं असतं, तर कुणालातरी शंका आली असती, असं ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. मला लाज वाटली. थोड्या वेळाने तीही वाटेनाशी झाली. भूल दिलेल्या दातासारखं सगळं जड आणि परकं झालं होतं.

घरी आईला सांगितलं. तिने मेथी निवडता निवडता ऐकलं. मग छातीच्या उजव्या बाजूला हात लावून म्हणाली, "तान्ही व्हती तवय हात ठेवू ते या बाजूलेच धडधडे. पन तू शिकेल शे, तुले जास्ती समजस."

बहिणीला मी फोटो फिरवल्याचं रिक्षात सांगितलं. ती रडेल, भांडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मंग माले काय सांगस? मना घर चाल, सासूले सांग."

गेलो. लूमला सुट्टी होती, दाजीही घरी होते. जेवणं उरकली होती, दुपारची अंथरुणं पडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. टीबी नाही, नव्हताच. जन्माचं आहे, कुणाला लागत नाही. चूक माझी. दाजींनी हातातली चादर खाली ठेवली. सासूने दोनदा विचारलं, "लागत नही ना?" मी दोनदा नाही म्हणालो. "चार वरीस," ती स्वतःशीच म्हणाली. मग उठली, नातीची उशी आपल्या अंथरुणावरून उचलली आणि बहिणीच्या उशीला लावून ठेवली.

बहीण लगेच आडवी झाली. हात पसरून म्हणाली, "ये."

मुलगी जागची हलली नाही. तिने आधी आजीकडे पाहिलं, मग आईकडे. आई खोकली. तशी मुलीने झटकन दोन्ही हातांनी नाक-तोंड झाकलं, घरात शिकवलं होतं तसं, आणि आजीच्या मागे जाऊन उभी राहिली.