आईच्या कपाळावरची नागीण

मी तेव्हा नागपूरला पीएच.डी. करत होते. नागिणीच्या विषाणूच्या कुळातलाच एक विषाणू माणसाच्या पेशीला कसा वेठीस धरतो, हा माझा विषय. पेशी दुभंगायच्या आधी दुसरी प्रत काढायला लागणारं सगळं सामान गोळा करते. हा विषाणू तिला स्वतःच तिथवर ढकलत नेतो आणि ऐन वेळी अडवतो. मग त्या सामानातून पेशीच्या नाही, त्याच्या प्रती निघतात. मला हे फार सुंदर वाटायचं.

पुसदला घरी आई एकटी होती. वडील ढाणकीला राहून तिथल्या खरेदी केंद्रावर कापसाची प्रतवारी करायचे. ती कापसाची वाईट वर्षं. केंद्राबाहेरची गाड्यांची रांग हटत नव्हती, भावावरून रोज भांडणं, वडिलांची रजा बंद.

एका सकाळी आईचा फोन आला. कपाळाची उजवी बाजू भाजल्यासारखी आग करते, पुळ्या आल्यात, शेजारच्या काकू गेरू लावून देतात, असं सांगत होती. नागपूरला येऊ का, असंही तिने विचारलं. मला दर चार तासांनी पेशी मोजायच्या होत्या. मी म्हणाले, नागीण आहे, दोन आठवड्यांत आपोआप जाते. पुळ्या नाकाच्या शेंड्यापर्यंत आल्यात का, डोळा लाल आहे का, हे मी विचारलं नाही. तसं असेल तर डोळ्याला धोका असतो आणि पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू व्हाव्या लागतात, हे मला माहीत होतं.

बाराव्या दिवशी वडिलांनी कशीबशी सुटी काढून तिला नागपूरला आणलं. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि इतका उशीर का केला म्हणून वडिलांना झापलं. बुबुळावर पांढरं पडलं होतं. मी शेजारीच उभी होते.

बाहेर बाकावर बसल्यावर आईने हळूच विचारलं, "तुयं तं याचंच शिक्षण हाये ना? मंग मले काहून नाही सांगतलं?"

मी तिला पेशीचं काहीतरी समजावू लागले. तिने मान फिरवली.

डोळा गेला. आग मात्र राहिली. कपाळाला पदर लागला तरी ती कळवळायची. माझा प्रबंध वेळेत पूर्ण झाला, परीक्षकांनी कौतुक केलं, पुढे पुसदलाच कॉलेजात नोकरी लागली. घरी पाहुणे आले की डोळ्याचा विषय निघायचाच. आई त्यांना सांगायची, पोरीले मीच उशिरा कळवलं. वडीलही मान डोलवायचे. मी चहा ठेवायला आत जायचे.