तरणारे आणि बाकीचे

"कोपर दुमडा. नाव घेतलंय का तुमी?"

सुई काढून कापसाचा बोळा दाबताना आमच्या बाई प्रत्येकाला हे विचारायच्या. सांगलीत, विश्रामबागेतल्या माझ्या छोट्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम त्यांच्याकडे होतं. पेशंटला वाटायचं, नोंदणीचं विचारतायत. "दिलंय की बाहेर टेबलावर," असं म्हणून ते उठायला लागायचे. एकदा साखर तपासायला आलेली एक म्हातारी चक्क लाजली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली,

"कृष्णेच्या काठाला हळदीचा मळा, दत्तूरावांचं नाव घेते, दाबून धरा बोळा."

आम्ही सगळे हसलो. त्या हसल्या नाहीत. "ह्ये न्हाई, आजी," त्या म्हणाल्या. "दुसरं. ज्यानं मानूस तरतो त्ये."

त्या एका मंडळात होत्या. मंडळाचं नाव मी सांगत नाही, तशी मंडळं तुम्हीही पाहिली असतील. गावाबाहेर पत्र्याचा मोठा हॉल, दर रविवारी पांढऱ्या कपड्यातली माणसं, आणि सगळ्यांत पुढं बसणारे एक मोठे भाऊ. हे मोठे भाऊ माणसाच्या कानात एक नाव सांगत. ते मनापासून घेतलं की माणूस आतला झाला. आतला तरणार. बाकीचे सगळे बाहेरचे, आणि बाहेरच्यांसाठी मेल्यानंतर आग. माणूस चांगला की वाईट, याचा तिथं हिशोब नव्हता.

मी एकदा त्यांना सरळच विचारलं, "बाई, मग माझं काय?"

ट्यूबवर चिठ्ठी चिकटवता चिकटवता त्या म्हणाल्या, "तुमी न्हाई तरनार, मॅडम."

"मी एवढी वाईट आहे?"

"आवं, वाईट कुटं? तुमी लय चांगल्या हाय. पन नुसतं चांगलं आसून उपेग न्हाई." आणि थोडं थांबून, "मला तुमचं लय वाईट वाटतं."

खरंच वाटत होतं. राग यावा असं त्या बोलण्यात काहीच नसायचं. कुणाच्या घरात आजारी माणूस आहे हे कळल्यावर आपण जसं बोलतो, तशा त्या माझ्याशी बोलायच्या.

त्यांचा हात फार हलका होता. लहान पोरांना सुद्धा त्यांनी टोचलेलं कळायचं नाही. पण मंडळातलं कुणी आलं की तोच हात जरा आडदांड व्हायचा. पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ चांगलेच कळवळलेले मी ऐकले. नंतर मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्यांना काय हुतंय? त्ये तरनारच हायत. बाहेरच्यान्ला फुडं लय सोसायचं हाय. आत्ता तरी दुखू ने."

मंडळात त्या कशा गेल्या, हे त्यांनीच सांगितलं होतं. पुराच्या साली त्यांच्या भाड्याच्या खोलीत पाणी शिरलं. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, साताऱ्याकडच्या गावी भावाकडं गेले होते. त्या एकट्याच गच्चीवर अडकल्या. नाव आली, त्यात मंडळाची दोन माणसं होती. त्यांनी त्यांना हॉलवर नेलं, कोरडं लुगडं दिलं, गरम आमटी दिली. पाणी ओसरेपर्यंत त्या तिथंच राहिल्या. "कुनी इचारलं न्हाई, तू कुनाची, कुठली," त्या सांगायच्या. मोठे भाऊ तिथंच म्हणाले होते, हे पाणी काहीच नाही, खरं पुढंच आहे. जिनं नुकतंच आपलं घर पाण्याखाली जाताना पाहिलं, तिला हे पटायला वेळ लागला नाही.

यजमान मात्र बाहेरचे राहिले. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आमच्याच भागातल्या एका कॉलेजच्या गेटवर बसायचे. ड्युटी सुटली की बाईंना न्यायला स्कूटर घेऊन यायचे आणि लॅबबाहेरच्या बाकड्यावर ताठ बसून राहायचे. मंडळाचा विषय निघाला की त्यांच्या मिशा हलायच्या.

"मॅडम, आमची बाई वर जानार, मी खाली. पोस्टिंगच येगळी. तिथं फॅमिली क्वार्टर मिळत न्हाई."

"आवं, गप बसा की," बाई आतून म्हणायच्या.

"आनि मी म्हंतो, त्या नावंत मंडळाची दोनच मानसं हुती. वल्हं मारत हुती ती मिलिटरीची पोरं. ती समदी बाहेरची. ज्यांनी भाईर काढलं त्येच बुडनार, आनि ही बसली हुती ती तरनार. ह्यो कुठला कायदा?"

बाई एकदा मला हळूच म्हणाल्या, "त्या पोरांचं त्वांड अजून डोळ्याम्होरं येतं. त्यातल्या एकाला तर मिशी बी फुटली नव्हती."

मग त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. हवालदारांच्या. दात घासताना येतं म्हणून ते हसण्यावारी न्यायचे. पुढं अंगावर निळे डाग दिसायला लागले, जिना चढताना धाप लागायला लागली. एक दिवस बाईंनीच त्यांना आतल्या खुर्चीवर बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि रक्त काढलं. ते बाईंकडं बघून म्हणाले, "लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पैल्यांदा टोचलीस बग."

स्लाइड मी पाहिली. पुन्हा पाहिली. बाहेर येऊन मी काही बोलायच्या आत बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. त्यांनी इतकी वर्षं माझं तोंड रोज पाहिलं होतं. मला तेव्हा काही वाटलं नाही. पुढच्या पेशंटचं रक्त यंत्रात लावायचं होतं, ते लावलं.

मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, रक्ताचा कॅन्सर. थोडे दिवस उपचार झाले आणि मग हवालदार म्हणाले, आता घरी न्या. बाई कामावर येत राहिल्या. सकाळी यायच्या, दुपारी जायच्या. नाव घेतलंय का, हेही विचारत राहिल्या, पण आता उत्तर ऐकायला थांबायच्या नाहीत.

त्यांनी मोठ्या भाऊंना विचारलं होतं. मोठे भाऊ म्हणाले, नाव घेतल्याशिवाय काही नाही. नियम नियम आहे, हळहळून बदलत नाही. घरी त्यांनी यजमानांना एका शब्दानं आग्रह केला नाही. फक्त त्यांचं स्वतःचं जेवण तुटलं. लॅबमध्ये डबा उघडायच्या, त्याच्याकडं बघत बसायच्या, बंद करायच्या. चेहरा वाळत चालला. मी बोलले तर म्हणायच्या, "जातच न्हाई, मॅडम. घास फिरतोय त्वांडात."

शेवटी शेवटी त्यांना यजमानांची शीर सापडेना. म्हणून एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले. खोली स्वच्छ होती. हवालदार पलंगावर उशीला टेकून बसले होते, दाढी केलेली होती. बाई चहा ठेवायला आत गेल्या, तसे ते मला म्हणाले, "मॅडम, मी उद्या नाव घेनार हाय."

मी हातातली सुई खाली ठेवली. "पटलं तुम्हाला?"

"छ्या! कुठलं पटतंय? पन ती जेवत न्हाई." आत स्टोव्हचा आवाज येत होता. "आख्खी नोकरी सायबाला जी सर म्हनलो. मनात काय आसंल त्ये आसू दे, त्वांडानं जी सर. आता आजून एकदा म्हनायचं. त्यात काय जातंय?"

मी रक्त काढलं. आम्ही तिघांनी चहा घेतला. बाईंना त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं. बाईंनी कपबश्या उचलून मोरीत नेल्या आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी मोठे भाऊ चार माणसं घेऊन आले. मीही गेले होते, पण बाहेरच्यांना आत बसता येत नव्हतं. मी दाराबाहेर पायरीवर बसले. आतलं ऐकू येत होतं. मोठे भाऊ म्हणाले, "हे एकच नाव खरं, बाकी सगळं खोटं, हे मान्य आहे?"

"जी."

"मनापासून घेताय?"

"जी सर."

कुणीतरी हलकंसं हसलं, कौतुकानं. मग गाणं म्हटलं गेलं. मोठे भाऊ बाहेर आले, माझ्याकडं बघून नमस्कार केला आणि गाडीत बसले. त्या संध्याकाळी बाईंनी भाकरी खाल्ली. हवालदारांनी मला फोन करून सांगितलं, "दीड भाकरी, मॅडम. वर भात." आवाज अगदी खोल गेला होता, पण खूश होता.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

मंडळानंच सगळं केलं. रडायचं नाही, असं सांगितलं होतं. तरलेल्या माणसाला रडत नाहीत. पांढऱ्या साड्यांतल्या बायका बाईंचा हात हातात घेऊन म्हणत होत्या, "सुटलं, आत गेलं तुझं माणूस. किती भाग्याची तू!" गावाहून धाकटे दीर आले होते. त्यांना दहाव्याचं विचारायचं होतं, पण त्यांना सांगण्यात आलं की त्याची आता गरज नाही. ते चपला हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. बाई सगळ्यांच्या मध्ये बसल्या होत्या. डोळे कोरडे होते. काही सांगितलं की मान हलवत होत्या.

कामावर आल्या तेव्हा मला पहिल्या दिवशी कळलं नाही, काय बदललंय ते. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. "कोपर दुमडा," म्हणायच्या आणि गप्प व्हायच्या. पुढचं विचारायच्या नाहीत. मग एका रविवारी लॅबचं कुलूप काढायला आले, तर त्या पायरीवर बसलेल्या.

"आज हॉलवर नाही गेलात?"

"न्हाई. सोडलं त्ये."

मला वाटलं, बरं झालं. डोळे उघडले. मी तसंच काहीतरी बोलून गेले, की देव असा माणसांत आतले-बाहेरचे करणारा नसतोच, बाई. त्यांनी माझ्याकडं नवल वाटल्यासारखं पाहिलं.

"आसं कसं म्हंता? हाय की त्ये. समदं खरं हाय. नाव घेतलं त्योच तरनार."

"मग सोडलं का?"

त्या पदराच्या काठाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्येंनी मनापासनं न्हाई घेतलं. मला कळतंय की. खरं आसलं की त्ये 'व्हय' म्हनायचे. भाकरी पायजे का, व्हय. पोटात दुखतंय का, व्हय. पसंत न्हाई पन ऐकायचंय, आसं आसलं की 'जी'. त्या दिवशी 'जी' म्हनले. मोठ्या भाऊंना कुटं ठावं? पन देवाला ठावं हाय."

मी पिशवीतून किल्ली काढली.

"माझ्यापायी खोटं बोलले त्ये. मी जेवावं म्हनून. आनि मी जेवले बी. त्ये आत न्हाईत, मॅडम. मग मी आत जाऊन कुनासंगं बसू?"

हे त्यांनी वाद घालावा तसं नाही सांगितलं. मिरजेची गाडी आता इथं थांबत नाही, पुढच्या थांब्यावर थांबते, असं सांगावं तसं सांगितलं. मी कुलूप काढलं, त्यांनी खाली पडलेला पेपर उचलला, आणि आम्ही कामाला लागलो.

मोठे भाऊ दोनदा येऊन गेले. त्यांनी समजावलं, मग बजावलं, की एकदा आत येऊन बाहेर गेलेल्याला पुन्हा वाट नाही, त्याचं सर्वांत वाईट होतं. बाई म्हणाल्या, "व्हय, ठावं हाय." यजमान खोटं बोलले, हे मात्र त्यांना सांगितलं नाही. तिकडं त्यांचं नाव तरलेल्यांतच राहू दिलं. रविवारी हॉलमध्ये बाईंचं नाव घेऊन जाहीर झालं आणि त्या दिवसापासून त्यातलं कुणी त्यांच्याशी बोलेनासं झालं. पुराच्या वेळी हॉलवर ज्या बाईंच्या चादरीत आमच्या बाई झोपल्या होत्या, त्या थायरॉइड तपासायला आल्या आणि लॅबमधली रक्त काढणारी दुसरी मुलगी जेवून येईपर्यंत भिंतीकडं तोंड करून बसून राहिल्या. बाईंनी त्यांना पंखा लावून दिला.

उन्हाळ्यात दीर आले आणि त्यांना गावी घेऊन गेले.

परवा साताऱ्याला एक लग्न होतं. तिथून वाट वाकडी करून मी त्यांच्या गावी गेले. दिराचं घर चांगलं आहे, माणसं सरळ आहेत. दहावा, वर्षश्राद्ध, जे काय असेल ते दिरांनी नंतर आपल्या पद्धतीनं करून घेतलं होतं. "त्येंचं समाधान," बाई म्हणाल्या. मला पिठलं-भाकरी करून घातली. तिथं त्या कुणाच्या घरी पोरांना इंजेक्शन द्यायचं असलं की जातात, म्हणाल्या. अंगानं बऱ्या दिसत होत्या. लॅबमधल्या एकेकाची चौकशी केली.

एसटीच्या फाट्यापर्यंत सोडायला त्या आल्या. ऊन कडक होतं. दोन्ही बाजूंनी तुटलेल्या उसाची रानं होती आणि पाचट पेटवून दिल्यामुळं हवा तापली होती. आम्ही बाभळीखाली उभ्या राहिलो. मी विचारलं, "बाई, भीती नाही वाटत तुम्हाला?"

कशाची, हे त्यांनी विचारलं नाही.

"वाटती की. लय वाटती."

त्यांनी डोळ्यांवर हात धरून एसटी येते का ते पाहिलं.

"त्येंनी समदी नोकरी बर्फात काढली, मॅडम. त्येंना उन्हाळा सुदिक सोसायचा न्हाई. मग आगीत कसं हुनार त्येंचं? कुनीतरी पायजे का नको संगं?"

तेवढ्यात एसटी दिसली. त्या उन्हात पुढं झाल्या आणि हात वर करून त्यांनी ती माझ्यासाठी थांबवली.